आप्पेपात्रातला दूधभात

आमचं कुत्र्याचं नवं पिल्लू दूधभात अक्षरशः गिळायचं. वाटी खाली ठेवून मी वळेपर्यंत ती रिकामी, मग ठसका, आणि बरेचदा उलटी. सासूबाई दोन दिवस नुसत्या बघत होत्या. आज सकाळी त्यांनी जुनं आप्पेपात्र काढलं आणि त्याच्या सातही खळग्यांत थोडा थोडा भात घातला. पिल्लू एक खळगा चाटूनपुसून साफ करायचं, मान वर करून आमच्याकडे बघायचं आणि मग पुढच्याकडे वळायचं.

"भावंडांत ओढाताण करून वाढलंय ते," सासूबाई म्हणाल्या. "पुढचा घास मिळेल याची खात्री नाही त्याला. तुझंही तसंच होतं."

माझी शाळेची सगळी वर्षं होस्टेलवर गेली. तिथे पंगतीला उशीर झाला की भाजी संपायची, म्हणून ताटावर तुटून पडायची सवय लागली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला तव्यावरची पोळी अर्धीच वाढायच्या. नवऱ्याला मात्र अख्खी. 'हात जरा आखडताच आहे त्यांचा,' असं मी माहेरी फोनवर सांगूनही टाकलं होतं. खरं तर दुसरी अर्धी दरवेळी मागून यायची, गरमागरम. उपाशी उठले असा एकही दिवस आठवत नाही.

दुपारी जेवताना त्यांनी सवयीने अर्धी पोळी वाढली. मी ती सावकाश खाल्ली, आणि रिकाम्या ताटासमोर निवांत बसून राहिले.