मी माझीच जाऊ कशी?

मोठ्या काकूच्या हातात कुठलंही कापड द्या, ती आधी ते उलटं करते. आईने तिला नवा टॉवेल दिला तेव्हाही तिने रंग पाहायच्या आधी आतली शिवण पाहिली. चौदा वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत निशाणीच्या टेबलावर बसते. चादर, उशीचा अभ्रा, डॉक्टरांचा झगा, नवीन जे येईल त्याच्या आतल्या कोपऱ्यात धुतली तरी न जाणाऱ्या शाईने वॉर्डाचा आकडा घालायचा, आणि धुऊन आलेला कपडा तो आकडा बघून त्या वॉर्डाच्या खणात टाकायचा. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम निळं असतं. धाकटी काकू त्याच लाँड्रीत, दोन टेबलं पलीकडे, घड्या घालते. माझी आई या दोघींच्या मधली जाऊ. ती घरी शिवणकाम करते आणि दोघींच्या भांडणात पंच असते.

मागच्या वर्षी लाँड्रीच्या भिंतीवर एक कागद लागला. नवी यंत्रं येणार, ती चालवायला ऑपरेटर हवेत, बारावी पास, गणित घेऊन, वय पंचेचाळीसच्या आत. काकूला तेव्हा चव्वेचाळीसावं लागलं होतं. अकरावीनंतर तिचं लग्न झालं आणि पुस्तकं रद्दीत गेली, ती गेलीच. त्याच आठवड्यात तिने संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं.

“यंदा नाही तर कधीच नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही यंत्र चालवणार आणि मी घड्या घालत बसू होय?” धाकटी काकू म्हणाली. “जाऊबाई, माझंही नाव घाला.”

तिथले गणिताचे सर प्रत्येक वाक्य ‘उदाहरणार्थ’पासून सुरू करायचे, म्हणून वर्गाने त्यांना उदाहरणार्थ सर असं नाव पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. रागवायचे नाहीत.

फल हा धडा मोठ्या काकूने एका संध्याकाळी गिळला. पहिल्या संचातल्या प्रत्येकाला दुसऱ्या संचातला एक आणि एकच जोडीदार मिळतो, ते फल, असं सरांनी सांगितल्याबरोबर ती मागच्या बाकावरून म्हणाली, “म्हणजे प्रत्येक चादरीला एकच वॉर्ड.”

“उदाहरणार्थ, हो.”

“पण एका वॉर्डात पुष्कळ चादरी चालतात.”

“चालतात. अनेकास एक.”

“आणि एखाद्या वॉर्डाचं आज काहीच आलं नाही, खण रिकामा राहिला, तर?”

“तर ते फल आच्छादक नाही.”

“आणि एकाच चादरीवर दोन आकडे?”

“तर ते फलच नाही.”

“ती भांडणाची चादर,” काकू म्हणाली, आणि वहीत तेच लिहून घेतलं.

गाडी अडली ती संबंधांवर. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, म्हणून सराव घ्यायचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी शाळा सुटली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला बटाट्यांची सालं, दुसऱ्या बाजूला गणिताचं मार्गदर्शक. मी म्हटलं, नात्यांवरूनच शिकू. ज्यात प्रत्येक जण स्वतःशी जोडलेला असतो तो संबंध परावर्ती. मी तुझी जी कोण, तीच तू माझी, असं असेल तर सममित. आणि पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी जोडलेला असला की पहिला तिसऱ्याशी जोडलेला असणारच, असं असेल तर संक्रामक.

“सासू,” मी म्हटलं. “सममित आहे?”

“वेडी का काय,” धाकटी काकू म्हणाली. “मी सासूबाईंची सासू असते तर काय पाहिजे होतं?”

“विहीण?”

“आहे. ती माझी विहीण, मी तिची विहीण. दोघी सारख्याच तोऱ्यात.”

“नणंद?”

“नाही. ती माझी नणंद, मी तिची भावजय.”

“बरं, जाऊ. सममित आहेच. परावर्ती आहे का?”

“म्हणजे मी माझीच जाऊ कशी?”

“तेच. आहेस का?”

आई मशीनवरून म्हणाली, “ती स्वतःचीच जाऊ असती तर भांडायला आम्ही कशाला लागलो असतो?”

त्या दिवशी बटाटे करपले, पण धाकटी काकू परावर्ती आणि सममित पुन्हा कधी विसरली नाही.

मग मार्गदर्शकातला चौदावा प्रश्न आला. सगळ्या माणसांच्या संचात ‘सख्खं भावंड असणे’ हा संबंध संक्रामक आहे का? मागच्या पानावर उत्तर छापलेलं होतं: आहे. मी समजावलं: अ हे ब चं भावंड, ब हे क चं भावंड, म्हणून अ हे क चं भावंड. धाकटीने मान डोलावली. मोठ्या काकूने पेन खाली ठेवलं.

“हा अ आणि हा क, दोन वेगळी माणसं आहेत हे कुठे लिहिलंय?”

“अक्षरं वेगळी आहेत ना, काकू.”

“अक्षरं वेगळी म्हणून माणसं वेगळी?”

मला वाटलं ती फाटे फोडते आहे. तिचं हे कुठून येत होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. कामाला लागली त्या वर्षी दोन गाठोडी दोन चिठ्ठ्या लावून आली होती, एक दिवसपाळीच्या नर्सच्या अक्षरात, एक रात्रपाळीच्या. दोन चिठ्ठ्या म्हणजे दोन वॉर्ड, असं धरून तिने दुसरं गाठोडं शेजारच्या वॉर्डाला पाठवलं. वॉर्ड एकच होता. तिथले रुग्ण दोन दिवस बिनचादरीच्या गादीवर झोपले. तेव्हापासून समोर दोन चिठ्ठ्या आल्या की ती आधी विचारते, ही खरंच दोन आहेत का?

“पुस्तकात आहे, म्हणजे आहे,” मी म्हटलं. “परीक्षेत तसंच लिही.”

तिने मार्गदर्शक मिटलं. पण शाळेच्या पूर्वपरीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, दोन मार्कांना, आणि तिने लिहिलं: संक्रामक नाही.

शाळेचा नियम सरळ होता. पूर्वपरीक्षेत पस्तीस मिळाले त्याचाच बोर्डाचा फॉर्म पुढे जाणार, आणि फॉर्म घ्यायची खिडकी शनिवारी सात वाजता बंद होणार. सोमवारी निकाल लागला. धाकटी काकू छत्तीस. मोठी काकू चौतीस.

घरी आल्यावर तिने पेपर टेबलावर माझ्यासमोर पसरला. त्या उत्तरावर लाल फुली होती. उत्तराखाली तिने एकच ओळ लिहिली होती: क म्हणजे अ च असला तर?

“आता नीट बघून सांग,” ती म्हणाली. “पुस्तक बाजूला ठेव.”

मी कागदावर तीन ठिपके काढले. मोठी काकू, आई, धाकटी काकू. जावांचं घर, जाऊ हाच संबंध. मोठीकडून आईकडे बाण, आईकडून धाकटीकडे बाण, मोठीकडून धाकटीकडेही बाण. बरोबर. मग मी मोठीकडून आईकडे गेले आणि आईकडून परत मोठीकडे आले. मोठी आईची जाऊ, आई मोठीची जाऊ. संक्रामक असेल तर मोठी मोठीचीच जाऊ व्हायला हवी. पेन्सिल तिथेच थांबली. भावंडांचंही अगदी तसंच होतं. तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकून मी अ, ब, क दिसले की डोळे मिटून तीन माणसं उभी करत होते.

“काकू, तूच बरोबर आहेस.”

तिचा चेहरा उजळला. पेपर तिने स्वतःकडे ओढला, मग हात तसाच राहिला. “आणि धाकटीने काय लिहिलंय?”

“संक्रामक आहे, असं.”

“म्हणजे माझे छत्तीस, आणि तिचे चौतीस.”

शेजारच्या खोलीत धाकटी काकू आईला सांगत होती की फॉर्मसाठी फोटो काढायला कुठल्या दुकानात जायचं.

“राहू दे,” काकू म्हणाली. “ती आनंदात आहे.”

मंगळवारी, बुधवारी ती पेपर पिशवीत घालून कामाला गेली आणि तसाच परत घेऊन आली. मी म्हटलं, सर धाकटीचे कापणार नाहीत कदाचित. ती म्हणाली, कापले तर? तिला पुढच्या वर्षी बसता येईल, तुला नाही, असं मी म्हटलं तेव्हा ती माझ्यावरच उखडली. “तिला असं सांगू मी? तू पुढच्या वर्षी बस?”

पण तिला चैनही पडत नव्हतं. चुकीच्या खणात पडलेला कपडा दिसतोय आणि हात लावायचा नाही, हे तिला जमणारं नव्हतं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती धाकटीच्या टेबलाशी गेली. पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण बोलणं तेच आहे.

“मी तुझी कोण?”

“आता हे मध्येच काय? जाऊ.”

“आणि तू माझी?”

“जाऊ.”

“तर मी माझी जाऊ?”

धाकटीने हातातला अभ्रा अर्धाच दुमडला. ओठ हलवत तिने सगळं पुन्हा मनात मोजलं. “नाही,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “अगं बाई. माझे दोन गेले.”

“मी सरांकडे जाणार नाही.”

“का?”

“तुझे जातील ना.”

यावर धाकटी जी भडकली, ती लाँड्रीतली यंत्रं चालू असताना तीन टेबलांपर्यंत ऐकू गेली. “चार दिवस माहीत आहे तुम्हाला, आणि मला आज सांगता? माझे मार्क तुम्ही सांभाळणार? तुमच्या निशाणीची चादर आहे का मी?”

शुक्रवारी सर रजेवर होते, म्हणून धाकटीच्या हट्टाने दोघी शनिवारी पाळी संपवून, गणवेशातच, साडेसहा वाजता त्यांच्या खोलीत पोचल्या. मी पुस्तक घेऊन मागे. सर वह्या तपासत होते. काकूने पेपर ठेवला आणि त्या ओळीवर बोट.

“उदाहरणार्थ,” सर म्हणाले, “समजा राम हा...” आणि तिथेच थांबले. खडू घेऊन फळ्याकडे गेले. अ, ब लिहिलं, मग क लिहून पुसलं आणि त्या जागी पुन्हा अ लिहिला.

“एकोणीस वर्षं,” ते फळ्यालाच म्हणाले. “एकोणीस वर्षं मी हे उत्तर बरोबर धरतोय.”

त्यांनी काकूची फुली खोडली, बाजूला सही केली, वर छत्तीस लिहिलं. मग धाकटीकडे पाहिलं.

“तुमचं उत्तर चूक आहे. पण चूक मी शिकवलेली आहे.”

“मग?” धाकटीने हातात फोटोचं पाकीट घट्ट धरलं होतं.

“फुकटचे दोन देता येणार नाहीत. दुसरा प्रश्न विचारतो, दोनच मार्कांचा. आत्ता, तोंडी. तुमच्या ओळखीचंच घेऊ. इस्पितळातल्या सगळ्या नर्सेसचा संच. संबंध असा, की दोघी एकाच वॉर्डात काम करतात. संक्रामक आहे का?”

पावणेसात झाले होते. मला उत्तर पाठ होतं: हे तर पुस्तकातलं लाडकं उदाहरण, परावर्ती, सममित, संक्रामक, तिन्ही. मी धाकटीकडे बघून होकाराची मान डोलावणार होते, पण मोठ्या काकूने माझं मनगट दाबलं.

धाकटी बोटांवर काहीतरी करत होती. “आधी तुमचं ते परतीचं बघते. मी हिच्याबरोबर काम करते, ही माझ्याबरोबर, म्हणून मी माझ्याबरोबर एकाच वॉर्डात. ते होतं. तिथे अडत नाही.”

“छान. म्हणजे संक्रामक?”

“थांबा हो सर.” ती दाराकडे बघत होती, जसं काही घड्यांची रास तिथे उभी आहे. “बदलीची नर्स असते ना, अर्धा दिवस चारमध्ये, अर्धा दिवस नऊमध्ये. तिचे झगे मला दोन्हीकडे द्यावे लागतात. चारमधली तिच्याबरोबर काम करते. ती नऊमधलीबरोबर. पण चारमधलीने नऊमधलीचं तोंडही पाहिलेलं नाही. मग कसं होईल? नाही. संक्रामक नाही.”

सरांनी खडू ठेवला. “उदाहरणार्थ...” ते म्हणाले, आणि हसायलाच लागले.

“चुकलं का?” धाकटीचा आवाज बारीक झाला.

“नाही. माझ्याच मनात चूक उत्तर होतं. प्रत्येकीला एकच वॉर्ड असेल तरच ते संक्रामक. मी ते धरूनच चाललो होतो.”

“म्हणजे,” मोठी काकू पुढे सरकली, “नर्सकडून वॉर्डाकडे जाणारं फल असेल, तर संबंध नीट बसतो. फल नसेल तर कोसळतो. सर, हे कुठल्याही फलाचं असंच होतं का? एका खणात पडलेले सगळे एकमेकांचे, असं?”

“कुठल्याही,” सर म्हणाले, आणि पुन्हा खडू उचलला. “बघा, समजा फ हे...”

“जाऊबाई!” धाकटीने तिचा दंड धरला. धाकटीच्या पेपरवरही सरांची सही झाली होती, छत्तीस छत्तीसच राहिले होते. “सातला पाच कमी!”

“एक मिनिट. सर, आणि उलट? खण आधी पाडले तर त्यातून फल मिळतं का?”

“मिळतं.”

“कसं?”

धाकटी मोठीचा पेपर, स्वतःचा पेपर आणि दोघींचे फोटो घेऊन जिन्याने धावत सुटली. मी काकूला ओढत नेलं. पूर्ण जिनाभर ती मला विचारत होती, कसं, सांग ना कसं. खिडकीशी पोचलो तेव्हा कारकुनाचा हात पडद्याच्या दोरीवर होता आणि धाकटी कोपर खिडकीच्या आत घालून उभी होती.

“दोन फॉर्म,” ती धापा टाकत म्हणाली. “एक माझा. आणि एक यांचा, त्या येतायत, त्यांना अजून एक शंका आहे.”