कुणाची भाकरी ते विचारायचं नाही

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रीतिभोजन वर्षातून दोनदा होतं, एकदा कापणीच्या सणाला आणि एकदा ईस्टरला. मटणाचा रस्सा पुरुषमंडळी चर्चच्या मागच्या अंगणात रांधतात आणि त्या एका दिवसाच्या कष्टाबद्दल वर्षभर बोलत राहतात. भाकऱ्या घराघरातून येतात, दर घराच्या दहा. आल्या की ओट्यावरच्या मोठ्या टोपल्यात घालायच्या आणि दोन बायकांनी वरच्या खाली, खालच्या वर करायच्या, इतक्या की आपली भाकरी आपल्यालाही सापडू नये. मग पंगत बसते. कुणाची भाकरी ते विचारायचं नाही आणि भाकरीला चांगलं-वाईट म्हणायचं नाही, एवढाच नियम.

हा नियम कुठून आला ते मला सासऱ्यांनी सांगितलं होतं. सोनईच्या अलीकडच्या आमच्या या गावात पहिल्यांदा ख्रिस्ती झाले ते दोन जातींतले लोक, आणि बाप्तिस्मा झाला तरी एकमेकांच्या हातचं खायला कुणी तयार नव्हतं. एका सतरंजीवर बसून गाणी म्हणायची आणि जेवायला आपापल्या घरी जायचं. तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, समजावून पाहिलं, रागावून पाहिलं आणि शेवटी भाकऱ्या मिसळायला लावल्या. ज्याला खायची नसेल त्यानं उपाशी जावं. थोडे दिवस काही जण उपाशी गेलेही, मग भूक जिंकली. सासरे हे हसत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आपली मंडळी त्या टोपल्यावर उभी हाय, सूनबाई." लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा मला ते अगदी पटलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे. चूक दिसली की तिच्याभोवती तांबड्या शाईनं गोल केल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हातात पेन नसलं तर ते काम तोंड करतं. मागच्या कापणीच्या सणाला माझ्या ताटात जी भाकरी आली ती अंगठ्याइतकी जाड होती आणि मधे चक्क ओली. मी ती उचलून पंगतीला दाखवली आणि म्हणाले, "ही भाकरी थापली का बांधली? हिच्यावर पत्रे टाकले तर एक खोली होईल." पंगत हसली. हसू पार पुरुषांच्या पंगतीपर्यंत गेलं. मला माझंच बोलणं इतकं आवडलं की लांब बसलेल्या पाळकीणबाईंना ऐकू जावं म्हणून मी ते पुन्हा एकदा म्हणाले.

ती भाकरी मावशींची होती. मावशी म्हणजे गावच्याच मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगी पुण्याला असते. चर्चमध्ये पेटी आहे, वाजवणाराही आहे, पण गाणं उचलतात मावशी. त्यांनी पहिली ओळ घेतल्याशिवाय बाकीची तोंडं उघडत नाहीत. त्यांचं घर माझ्या घरापासून चौथं. त्या दिवशी त्या माझ्या समोरच बसल्या होत्या आणि सगळ्यांबरोबर त्याही हसल्या होत्या. भाकरी त्यांची होती हे मला दोन दिवसांनी शेजारणीकडून कळलं; त्या दिवशी टोपल्यात भाकऱ्या मिसळायला तीच होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नेहमीचं प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं ते आधी मिटवावं आणि मगच पुढच्या कठड्यापाशी यावं, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. मिटलं नसेल तर सतरंजीवरच बसून राहायचं. चाळीस घरांच्या मंडळीत कोण उठलं नाही हे सगळे न बघितल्यासारखं करून बघतात आणि दुपारपर्यंत कारण शोधून काढतात. त्या रविवारी मावशी बसून राहिल्या. मी मात्र उठले, गुडघे टेकले आणि प्रभुभोजन घेतलं.

माझी बाजू माझ्यापुरती पक्की होती. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. भाकरी कच्ची होती हे खोटं नव्हतं. एवढ्या तेवढ्यावरून रुसून बसायला काय आपण लहान आहोत? हे मी नवऱ्याला ऐकवलं, तेव्हा त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. त्यांचा पेपर असा उंच झाला की समजायचं, यांना आपलं पटलेलं नाही.

दुसऱ्या महिन्यात मावशी उपासनेला आल्या, पण गाणं उचललं नाही. पेटीवाला सूर धरून वाट बघत राहिला. शेवटी दोघा-तिघांनी तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत सुरुवात केली आणि ते गाणं कसंबसं शेवटाला नेलं. त्यानंतर त्या यायच्याच थांबल्या. मग बातमी आली की त्या घराला कुलूप लावून कायमच्या मुलीकडे जाणार आहेत. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, जपून बोलणारे आहेत. ते एकदा घरी येऊन चहा प्यायले, ऊस कधी तुटणार ते विचारलं, शाळेचा पट विचारला आणि गेले. ते कशाला आले होते ते मला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच मला त्यांचा राग आला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांना पुढं बोलावलं. मी नेहमीसारखी उठले, चार पावलं चालले आणि मागं कुणाचा पाय वाजला नाही म्हणून वळून पाहिलं. बायकांची सगळी बाजू बसलेली होती. आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजी भिंतीला टेकून बसतात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या हळू बोलल्या तरी रस्त्यावर ऐकू जातं.

"घरात एक मानूस उपाशी बसलं, तर बाकीचे जेवत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

पुरुषांच्या बाजूला अर्धे उठलेले खाली बसले. पाळकसाहेबांनी पांढरं कापड पुन्हा ताटावर ओढलं, आज आपण इथंच थांबू असं म्हणाले आणि शेवटची प्रार्थना केली. ती पूर्ण होईपर्यंत मी एकटी मधोमध उभी होते, कारण बसायलाही लाज वाटत होती आणि पुढं जायलाही. घरी जाताना अर्ध्या रस्त्यापर्यंत मला सगळ्या मंडळीचा संताप येत होता. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात तो माझ्यावरच उलटला.

दुपारी मी मावशींकडे गेले. ख्रिस्ती माणसं भेटली की आमच्याकडे सलाम म्हणतात, तेवढं तोंडातून निघालं.

"सलाम, मावशी."

"सलाम. बसा, बाई." त्यांनी डाव्या हातानं पाट सरकवला. उजवा हात पदराखाली होता.

"मावशी, ती भाकरी तुमची आहे हे मला माहीत नव्हतं."

"माहीत आसतं तर?"

"तर बोलले नसते."

"मंग दुसऱ्या कुनाची आसती तर चाललं आसतं व्हय?"

मी वर्गात किती पोरांना असं निरुत्तर केलं असेल.

मग त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. पावसाळ्यात त्यांना चिकनगुनिया झाला होता. ताप गेला, पण बोटं वाकडी होऊन आखडली ती तशीच राहिली. नेवाशाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. चार घरांवर राहून यातलं मला काहीच माहीत नव्हतं. कापणीच्या सणाच्या दहा भाकऱ्या त्यांनी एका हातानं थापल्या होत्या.

"कुणाला तरी सांगायचं होतं मावशी. आम्ही दहा जास्तीच्या केल्या असत्या."

"त्येच नको हुतं. आज तुमी माझ्या वाटच्या करनार, उद्या माझ्या घरी डबा येनार. ज्या घरची भाकरी टोपल्यात न्हाई, त्या घराला डबाच येतो, बाई. मंडळीतलं घर आसतंय ते मंग मदतीचं घर हुतंय. मी लई वर्षं लोकांना डबे दिलेत, मला ठावं हाय कसं बघत्यात ते."

हात पुन्हा पदराखाली घेत त्या म्हणाल्या, "तुमच्या बोलन्याचं मी कवाच सोडलं. पन समदे हसले आन् मी बी हसले. माझ्याच भाकरीला. न हसावं तर कळलं आसतं ना, कुनाची ती. त्ये हसनं माझ्या मनातून जाईना."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. माझं चुकलं, मला क्षमा करा, असं मी म्हणाले. वाटलं होतं, आता त्या डोक्यावर हात ठेवतील आणि माझा जीव भांड्यात पडेल. तसं काही झालं नाही.

"हितं मागून काय करता?" त्या म्हणाल्या. "हितं कोन हसलं हुतं? शनवारी पोरगी गाडी घेऊन येती. आयतवारी उपासना करून आमी निघनार. त्याच्या आत काय बोलायचं आसंल तर समद्यांत बोला. आन् हाताचं काढायचं न्हाई."

मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त राहिलेलं प्रभुभोजन येत्या रविवारी घेऊ म्हणाले. मी आठवडाभर बोलायचं कागदावर लिहीत होते आणि खोडत होते. तीस पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवणारी बाई मी, पण रविवारी पहिलं वाक्य मनात तीनदा म्हणून मगच उठले. मावशी दाराजवळ बसल्या होत्या, शेजारी मुलगी. बाहेर चिंचेखाली त्यांची गाडी सामान भरून उभी होती. कागद हातात तसाच राहिला.

मी म्हणाले, "कापणीच्या सणाला मी टोपल्यातली भाकरी वर धरून नावं ठेवली. ती मावशींची होती. दुसऱ्या कुणाची असती तरी ते वाईटच होतं. त्यांचं मन मोडलं, आणि ते कळल्यावरही मी तीनदा इथं येऊन गुडघे टेकले. मावशी, मला क्षमा करा. मंडळीनं मला क्षमा करावी."

मग भिंतीजवळच्या आजी म्हणाल्या, "आमी बी हसलो हुतो." बायकांच्या बाजूनं आणखी दोघी-तिघी "व्हय" म्हणाल्या, आणि पुरुषांतून कुणीतरी खाकरलं.

पाळकसाहेबांनी सगळ्यांना पुढं बोलावलं. मी या वेळी आधी उठले नाही. मावशी दारापासून सावकाश चालत आल्या, माझ्याजवळ आल्यावर थांबल्या, आणि त्या पुढं गेल्यावर मी त्यांच्यामागं गेले. कठड्यापाशी आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले. तुकडा त्यांनी डाव्या हातात घेतला. मग द्राक्षारसाचा ट्रे आला. कोरोनापासून आमच्याकडे एका प्याल्याऐवजी करंगळीएवढे छोटे ग्लास असतात, आणि ते धरायला बोटं नीट लागतात. मावशींनी उजवा हात पदराबाहेर काढला आणि सगळ्या मंडळीसमोर कठड्यावर ठेवला. वाकडी बोटं सगळ्यांना दिसली.

"धर गं, सांडंल," त्या मला म्हणाल्या.

मी ग्लास उचलून त्यांच्या ओठांना लावला. त्या प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि समोर बघतच हळूच बोलल्या, "दवाखाना करून ईस्टरच्या आधी येते मी. सणाच्या सकाळी माझ्या चुलीपाशी ये. पीठ माझं, थापायचं तू. माझ्या घरच्या दहा झाल्या पायजेत."