अप्पाचा पाय कुणी धुतला?

या, जरा जवळ सरकून बसा. लिहिलंय म्हणून काय लांबूनच वाचणार? आणि एक बोलून घेते... मागं एका बाईनं इथं आपला अनुभव लिहिला, तर तुम्ही खाली कमेंटमध्ये 'स्वप्न पडलं असेल' लिहून हसलात. बरं दिसतं का ते? ती बिचारी परत काही लिहायला आली नाही.

माझाही असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. देवावर आहे, लहानपणापासून. पण सावल्या दिसणं, आवाज येणं — असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जायची.

आम्ही सांगलीत राहतो. रविवारी चर्चमधली उपासना सुटली की आमच्या मंडळीतल्या आम्ही काही बायका एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला आमटी-भात घेऊन जातो. तिथं भिंतीकडेला राहणारी माणसं आहेत, ज्यांना घर नाही, कुणी विचारणारं नाही. तिथल्या बसू नावाच्या चहावाल्याच्या गाड्याशेजारी पंगत बसते. आधी प्रार्थना, मग वाढप. माझी प्रार्थना जरा लांबते, त्यावरून सगळे चिडवतात. एकदा आमेन म्हणून डोळे उघडले, तर लोणच्याची बरणीच गायब! तेव्हापासून बसू आमच्यातला नसला तरी प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून राखण करायचा.

त्या पंगतीत अप्पा असायचा. जतकडचा म्हातारा, कन्नडशिवाय बोलायचा नाही. पायाला मोठी जखम, त्यावर प्लास्टिकची पिशवी करकचून बांधलेली. पायाला हात लावू द्यायचा नाही, लाथ मारायचा. दवाखान्यात नेला, तर रांगत परत आला. आमच्या रूथबाई नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. एका रविवारी त्यांनी लांबूनच जखमेचा वास घेतला आणि मला बाजूला घेतलं.

"शांतामावशी, आज जखम साफ झाली नाही तर पाय कापावा लागेल. कदाचित तेवढ्यावरही भागणार नाही."

त्यांनी कोमट पाण्याचा टब अप्पाजवळ ठेवला. अप्पानं पाय पोटाशी ओढून घेतला. बसूनं कन्नडमधून समजावलं, मी हात जोडले... काही उपयोग नाही.

मग मी म्हटलं, आधी प्रार्थना करू. आणि बसूलाही दटावलं, "आज लोणचं गेलं तर जाऊ दे. तू पण मीट डोळे."

"आवं मावशी, दूध ठेवलंय मोठ्या गॅसवर. उतू जाईल की."

"जाऊ दे. मीट म्हटलं ना."

पंगतीलाही दम दिला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी अप्पाच्या पायासाठी मागितलं. काय काय बोलले आठवत नाही. मध्येच पाणी हलल्यासारखा आवाज आला, वाटलं रूथबाई असतील.

आमेन म्हटलं, डोळे उघडले. अप्पाचा पाय पुढं पसरलेला — धुतलेला, बोटांच्या बेचक्यांत अजून ओला. जखमेवर पांढरी पट्टी, नीट घट्ट बांधलेली. टबातलं पाणी गढूळ. पिशवी घडी करून बाजूला.

रूथबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं बँडेजचं पाकीट फोडलेलंही नव्हतं. अप्पाच्या पायाला होतं ते जुन्या सुती लुगड्याचं कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"मावशी, असली जखम साफ करायला मला अर्धा तास तरी लागला असता," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हंजे मावशीची प्रार्थना तेवढीच झाली असंल," कुणीतरी पंगतीतून बोललं. मीही हसले. मग बसूच्या गाड्याकडं बघितलं.

दूध उतू गेलं नव्हतं. गॅस मोठाच होता आणि दुधावर नुकती कुठं साय धरत होती.

पंगतीत एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, तुमच्या भीतीनं डोळे मिटले होते. बसूनं अप्पाला विचारलं आणि आमच्याकडं वळला.

"म्हणतोय, आई आली हुती. हात गार हुते म्हणं तिचे."

"कुणाची आई?"

"तेच इचारलं मी. तर मलाच येड्यात काढतोय. म्हणतोय, आईला वळखत न्हाईस व्हय रं?"

त्यानंतर अप्पानं रूथबाईंना पट्टी बदलू दिली. पाय वाचला. आता काठी घेऊन चालतो, वाढपाच्या वेळी पाण्याचे पेले मांडतो. ती पहिली पट्टी मी धुऊन ठेवलीय. मंडळीतल्या सगळ्या बायकांना दाखवली, कुणाच्याच घरातली नाही.

सून म्हणते, रस्त्यानं जाणारी कुणी भली बाई असेल. असेलही. पण मग दुधाचं काय?

खरं सांगू, हल्ली मी प्रार्थनेत एक डोळा किलकिला ठेवते. काही दिसत नाही, नुसते प्रार्थनेतले शब्द चुकतात. म्हणून म्हणते, एखाद्या रविवारी या सांगलीला. लवकर या. मी डोळे मिटून प्रार्थना करीन, तुम्ही उघडे ठेवा.