पासिंगचा सायलेन्सर

उकंडरावाचं नाव ऐकून बाहेरगावचा माणूस हसतो. आमच्याकडे त्यात हसण्यासारखं काही नाही. आधीची तीन पोरं गेली म्हणून चौथं जन्मल्याबरोबर आईने त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलून परत आणून दिलं. यमाला वाटावं, हे पोर टाकाऊच आहे, कशाला न्यायचं. यम फसला. गाव मात्र फसलं नाही, गावाने त्याला आयुष्यभर टाकाऊच धरलं.

हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मी त्याच गावचा, सुलतानपूरचा. सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास मेहकरच्या मैदानात महिन्यातून एक दिवस गाड्यांचं पासिंग असायचं. तिथे लिंबाखाली पेटी मांडून मी ट्रकमालकांचे फॉर्म भरून द्यायचो. अक्षर चांगलं होतं आणि लाज कमी होती, त्यामुळे धंदा बरा चालायचा.

गाड्या तपासणारे मोटारसाहेब जीपमधून यायचे. ब्रेक, दिवे, भोंगा झाला की धूर. धूर तपासायची त्यांची रीत अशी, की पांढरा हातरुमाल पाइपच्या तोंडाशी धरायचा आणि ड्रायव्हरला गाडी रेस करायला लावायची. रुमाल काळा झाला तर गाडी नापास. उकंडराव जालन्याच्या गॅरेजात शिकून आलेला मिस्त्री. तो नुसता आवाज ऐकून डिझेल पंपाचा स्क्रू असा आवळायचा, की साहेबांचा रुमाल घडी करून परत खिशात जायचा. संध्याकाळी तोच स्क्रू तो पुन्हा ढिला करून द्यायचा, कारण काळा धूर सोडत नाही ती गाडी दमदार नाही, असं आमच्या मालकलोकांचं मत होतं.

सायलेन्सरचीही तीच गत. सायलेन्सरने इंजिनाचा दम कोंडतो, असं कोणीतरी कधीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी आपापले सायलेन्सर कापून भंगारात घातले. त्याऐवजी बॉडीला टेकवून उभा पाइप लावायचा, तोंड आकाशाकडे. भगवंतरावांच्या गाडीचा पाइप सगळ्यांत उंच होता. चार गाड्या, कापसाच्या जिनाशी करार, गावात वट. गाडी यायच्या आधी फर्लांगभर तिचा आवाज यायचा आणि ते ओट्यावर बसून तो ऐकत राहायचे.

पण पासिंगला सायलेन्सर लागतो. म्हणून अख्ख्या भागात मिळून एकच होता, तो उकंडरावाचा. मिलिटरीच्या भंगारातून आणलेल्या जाड पत्र्याचा, आत तीन पडदे आणि भोकं पाडलेली नळी. सगळं त्याने स्वतः केलं होतं, नुसती भोकं पाडायला पावसाळा गेला होता. पासिंगच्या दिवशी तो मैदानामागच्या पडक्या भिंतीआड गोणपाट टाकून पडायचा. गाडी आली की दोन पट्ट्यांनी सायलेन्सर बसवायचा. गाडी पास होऊन वळसा घालून आली की तो तापलेला काढायचा आणि पुढच्या गाडीला लावायचा. साहेबांनी एकदा तोच सायलेन्सर दिवसात अकरा वेळा पाहिला आणि अकरा वेळा मान डोलावली. फॉर्मवर मी अकरा वेळा ‘सायलेन्सर ठीक, धूर नाही’ असं लिहिलं. उकंडरावाच्या तळहातांवर त्यानंतर रेषा म्हणून उरल्या नाहीत.

छप्पन सालानंतर उकंडरावाच्या वस्तीने बौद्ध होऊन देव घराबाहेर काढले होते. गावाने मात्र हॉटेलच्या वळचणीला खोचलेला त्याचा वेगळा कप काढला नव्हता. मालक त्याच्या हातची गाडी चालवायचे आणि त्याच्या हातचं पाणी टाळायचे. तो कप स्वतःच विसळून परत खोचायचा.

त्याची बायको आशाबाई भगवंतरावांच्या गाडीवर कामाला होती. कापूस भरताना तो तुडवायचा, मग त्याच्यावर बसून खामगावच्या जिनापर्यंत जायचं, तिथे उतरवायचा. विमलबाई आणि आशाबाई, दोघींची जोडी. घरात अन्नपूर्णा नावाची सात वर्षांची पोर.

त्या वर्षी दिवाळीनंतर उकंडरावाला एक गोष्ट दिसली. पंप ढिला, इंजिन जोरात आणि पाइप सरळ, म्हणजे आतली काजळी पेटून ठिणग्या होऊन बाहेर पडते. सायलेन्सर असला तर त्या पडद्यांना आपटून विझतात. उभ्या पाइपातून त्या वर उडतात आणि मागे कापसावर येऊन पडतात. त्याने भगवंतरावांच्या ओट्यासमोर गाडी रेस करायला लावली आणि काठीच्या टोकाला कापूस बांधून पाइपवर धरला. दहा-बारा वेळा रेस केल्यावर कापूस धुमसायला लागला. आम्ही सात-आठ जण तिथे होतो, सगळ्यांनी पाहिलं.

त्याने हात जोडून एवढंच मागितलं, की या एका गाडीला सायलेन्सर कायमचा राहू द्या. भगवंतराव दुष्ट होते असं मी म्हणत नाही, त्यांना मजा करायची सवय होती. ते म्हणाले, "राहू दे ना बे, मले काय? पन सायलेन्सर एक. तो तुह्या बायकोच्या बुडाखाली ठेवला तं बाकीच्याच्या गाड्या पास कशा होतीन?" बाकीचे मालक तिथेच होते, त्यांनी माना हलवल्या. उकंडराव म्हणाला, दुसरा करायला मला पाच-सहा महिने द्या, पत्रा मिळवावा लागेल. मग भगवंतरावांना युक्ती सुचली. घरातून एक तांब्याची घागर मागवून ती त्यांनी गाडीपाशी उभ्या असलेल्या आशाबाईच्या हातात दिली. "हे घे. भरून वर घेऊन बसत जाय. ठिनगी पडली का पानी टाकायचं. अन् कापूस सोडून उतरायचं नाई, समजलं काय?"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. आशाबाईने खाली मान घालून घागर घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून ती खरंच भरून वर घेऊन बसायला लागली.

पुढच्या पासिंगला उकंडरावाने भगवंतरावांची गाडी मुद्दाम शेवटी घेतली. पट्ट्या लावल्याच नाहीत, कार्बाइडचा गॅस पेटवून सायलेन्सर सरळ वेल्डिंगने जोडून टाकला. पुढचं पासिंग महिन्याने होतं, तेवढ्यात काही सुचेल असा त्याचा हिशोब असावा. हे मी भिंतीआड गेलो तेव्हा पाहिलं. संध्याकाळी हॉटेलात चहा पिताना मला राहवलं नाही आणि गंमत म्हणून मी ती गोष्ट रंगवून सांगितली. मला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. चार माणसं हसावीत, एवढीच माझी भूक.

तासाभरात गोष्ट ओट्यावर पोचली. भगवंतरावांनी उकंडरावाला बोलावून गाडीखाली घातलं आणि छिन्नी-हातोडा दिला. गाव भोवती उभं होतं. ज्या हातांनी जोडला त्याच हातांनी त्याने तो तोडला आणि उभा पाइप पुन्हा बसवला. हे पुन्हा केलंस तर आशाबाईला गाडीवर चढू देणार नाही आणि तुला कोणी काम देणार नाही, असं त्यांनी बजावलं. उकंडरावाने ‘हाव’ म्हटलं. त्यांनी तेव्हाच आशाबाईला गाडीवर चढू दिलं नसतं तर बरं झालं असतं, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं.

नऊ दिवसांनी, भर दुपारी, मेहकरच्या पुढच्या चढावर कापूस पेटला. ड्रायव्हर गाडी थांबवून पळाला. विमलबाईने उडी मारली, तिचा पाय मोडला पण जीव वाचला. आशाबाई वर घागर घेऊन उभी राहिली. विमलबाईने नंतर वस्तीत सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"म्या म्हटलं, आशे, टाक उडी. थे म्हने, पानी टाकाचं सांगतलं हाये मले, उतरलं तं काम जाईन."

घागर नंतर सापडली. काळी पडली होती, पण शाबूत होती.

चौकशी झाली. कागद माझ्या अक्षरातला होता: सायलेन्सर ठीक. म्हणजे मालकाने गाडी नीट ठेवली होती, मग सायलेन्सर काढला कोणी? ड्रायव्हरने उकंडरावाचं नाव सांगितलं. उकंडरावाला विचारलं तेव्हा त्याने एकाच शब्दात उत्तर दिलं, "म्याच." कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याला कोणी विचारलं नाही. मला विचारलं होतं. मी सांगितलं, साहेब, मी फक्त फॉर्म भरतो. हे बोलताना माझी जीभ अडखळली नाही, याचीच मला आज जास्त चीड येते. त्याला सहा महिन्यांची सजा झाली, सायलेन्सर पुरावा म्हणून ठाण्यात जमा झाला, आणि अन्नपूर्णाला तिचा मामा आपल्या गावी, बीबीला घेऊन गेला.

आता पुढच्या पासिंगचं काय, हा गावापुढचा मोठा प्रश्न होता. दोन दिवस मालक उकंडरावाला शिव्या घालत बसले. मग भगवंतरावांनी मेहकरहून पत्र्याचे डबे बनवणाऱ्याला बोलावलं. त्याने तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा गोल वळवला, दोन्ही तोंडांना पाइपचा एकेक तुकडा झाळला, वरून काळा रंग दिला. आत ना पडदा ना नळी. चहा थंड व्हायच्या आत एक तयार झाला. प्रत्येक गाडीला वेगळा हवा म्हणून त्याने दुपारपर्यंत सहा करून दिले. साहेबांनी सहाच्या सहा पास केले. मी सहा वेळा ‘ठीक’ लिहिलं.

सुटून आल्यावर उकंडराव थेट पासिंगच्या मैदानात आला. वाळला होता. माझ्या पेटीशेजारी भगवंतरावांची नवी गाडी उभी होती. तो सवयीने खाली वाकला, काळ्या डब्यावर बोटाने टकटक केली, पोकळ आवाज ऐकला आणि पुन्हा टकटक केली. मग माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बाबूजी, हे तं डब्बे आहेत."

मी हो म्हटलं.

"याच्यावर पास होते गाडी?"

मी पुन्हा हो म्हटलं.

त्याने आपले रेषा नसलेले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग अगदी साध्या आवाजात, मला दोष न देता, म्हणाला, "मंग माहा खरा तिच्या गाडीले राहू देता आला असता. लोकाइले डब्बे पुरले असते. मले सुचलंच नाई, बाबूजी. मले वाटे, सायलेन्सर करायचा तं खराच करा लागते."

साहेबांनी तेवढ्यात पुढच्या गाडीचा फॉर्म मागितला. मी टाक दौतीत बुडवला आणि ‘सायलेन्सर ठीक’ असं लिहिलं.