वेरावळचा मासा

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि घरी येऊन आडवी झाले. पुढे ऑफिसातल्या एका मुलीने माझ्या फोनवर तो गेम टाकून दिला. आपण रस्त्याने चालत राहायचं, फोनच्या नकाशात नाना तऱ्हेचे प्राणी उगवतात, ते पकडायचे, एवढाच खेळ. आता मी रोज संध्याकाळी विरारभर भटकते, साखर आटोक्यात आहे आणि घरात माझी यथेच्छ टिंगल होते. "पन्नाशीला आली नि पोरखेळ सुचला," नवरा म्हणतो. त्याचं पोट त्याच्याआधी दारातून आत येतं, म्हणून त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही.

महिन्यातल्या एका रविवारी या गेमचा इव्हेंट असतो. आमच्या भागातले खेळणारे वसईत एका तलावाकाठच्या बागेत जमतात. तिथे कोणी कोणाचं नाव विचारत नाही. "तुमच्याकडे काय आहे?" एवढंच विचारतात. सोसायटीत समोरच्या दारातली बाई इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून धड हसलेली नाही आणि इथे रिक्षावाला, कॉलेजची पोरं, पेन्शनर, सगळे एका कट्ट्यावर मांडीला मांडी लावून प्राण्यांची अदलाबदल करतात. मला ते फार आवडतं. अदलाबदलीसाठी दोघांनी शेजारी उभं राहावं लागतं, घरबसल्या ती होत नाही. प्रत्येक प्राण्याखाली तो कुठल्या गावात पकडला ते लिहिलेलं असतं आणि जितका लांबचा प्राणी, तितका त्याला भाव. माझे सगळे उमेळ्याचे, वटारचे, फार तर कामणच्या गोडाऊनबाहेरचे, कारण माझं ऑफिस तिथे. आपण जन्मभर किती थोडक्यात फिरलो हे मला या गेमने दाखवून दिलं.

गेल्या हिवाळ्यातल्या इव्हेंटला एक मावशी आल्या होत्या. साठीच्या असतील. दोन्ही हातांत फोन धरून, प्रसादाचं ताट घेऊन चालावं तशा त्या जपून चालत होत्या. कोणाला विचारावं हे न कळून दोन चकरा मारल्या, शेवटी माझ्यापाशी थांबल्या. शिकवायची मला हौस भारी, कोणी नुसतं विचारायची खोटी.

"बाय, हा आमच्या घरच्यांचा फोन हाय," त्या म्हणाल्या. "मला यातलं काय बी कळत नाय. पन इथं नवीन मिळतात म्हनं."

त्या अर्नाळ्याच्या. नवरा आयुष्यभर बोटीवर. गुडघे दुखायला लागले तेव्हा नातवाने त्यांना हा गेम टाकून दिला आणि म्हाताऱ्याला नादच लागला. रोज किनाऱ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. दर्यातले संपले म्हणून आता मोबाईलातले धरतो, अशी कोळीवाड्यात सगळे थट्टा करायचे. एकदा बोटीचं इंजिन बघायला ते पार गुजरातेत, वेरावळ बंदरात गेले. परत आले नि आठवड्याच्या आतच लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आता चालणं नाही म्हणून नवीन प्राणीही नाहीत. मावशींना वाटलं, आपण जाऊन चार आणून द्यावेत.

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांचा नि माझा फोन जोडला, म्हणजे आम्ही गेममध्ये मैत्रिणी झालो. माझ्याकडचा सगळ्यात चांगला प्राणी मी काढून ठेवला. "तुम्ही यातला कुठलाही एखादा द्या, साधासुधा चालेल," म्हटलं.

मावशींना ते पटलं नाही. घरी आलेल्या माणसापुढे हलकं वाढायचं नाही, तसा त्यांचा हिशेब. त्यांनी एक मासा उघडला. निळाशार, लांब मिशांचा. खाली लिहिलं होतं, वेरावळ. बोट लावलं की तो टुणकन उडी मारायचा.

"ह्यो घे. ह्यो त्यांचा लाडका. रोज डाव्या हातानं फोन घेतात नि याला टोचत बसतात. तेवढंच एक सोताहून करतात बग."

"मग हा नको, मावशी. दुसरा द्या."

"घे गं. चांगलाच द्यावा मानसानं."

मी पुन्हा नको म्हटलं. तोवर त्यांनी हिरवं बटण दाबलं होतं, आणि मला वाटलं, देतायत मनापासून, तर आपण किती ताणायचं. मीही दाबलं. दोन्ही फोनांवर लखलखाट झाला, मासा माझ्याकडे आला, माझा प्राणी त्यांच्याकडे गेला. मावशी खूश झाल्या. मग बोटाने फोन खालीवर करत राहिल्या.

"बाय, आमचा मासा कुठं गेला?"

"माझ्याकडे आला ना."

"तुझ्याकडं आला तो बगितला मी. आमचा कुठं हाय?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग लक्षात आलं. नातू फोटो पाठवतो, फोटो इकडेही येतो नि त्याच्याकडेही राहतो. फोनमधून दिलेली वस्तू आपल्याकडची जाते, हे मावशींना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी लाडका मासा दिला तो उदार होऊन नव्हे, तो घरी आहेच अशा भरवशावर.

"थांबा, परत देते," मी म्हणाले आणि तेवढ्यात मला नियम आठवला. एकदा अदलाबदल झालेला प्राणी पुन्हा कोणालाच देता येत नाही. तरी मी करून पाहिलं. मासा राखाडी दिसायचा, निवडताच यायचा नाही. उमेळ्याची एक मुलगी आमच्या ग्रुपची अ‍ॅडमिन आहे, तिला बोलावलं. तिने कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. लगेच उत्तर आलं की झालेला व्यवहार फिरवता येत नाही, खेळाचा आनंद घेत राहा. माझं डोकं सणकलं. पण उत्तर यंत्राचं होतं, चिडायचं कोणावर?

मग सगळेच जमले. कोणी म्हणे, तसाच दुसरा देतो. दुसरे दोन मिळालेही, एकाखाली वसई लिहिलेलं, दुसऱ्याखाली नालासोपारा. मावशींनी मान हलवली, म्हणाल्या, घरच्यांना बाकी काही येत नसलं तरी खालचं गाव वाचता येतं. कोणी सुचवलं की माझं खातंच त्यांच्या फोनवर उघडून द्यावं. मी तयार होते. पण त्यासाठी आधी त्यांचं खातं बंद करायला हवं आणि ते पुन्हा उघडायचा पासवर्ड एकट्या नवऱ्याला ठाऊक. त्यांना तो सांगता येत नव्हता. एवढी शिकलेली माणसं भोवती होती, आणि एकालाही काही करता आलं नाही. मला रडू यायला लागलं, तर मावशीच मला म्हणाल्या, "तू कशाला तोंड पाडतेस? दिला मी. तू चल माझ्याबरोबर, तूच दाखव त्यांना."

आम्ही बसने अर्नाळ्याला गेलो. मावशींचे यजमान खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मावशी आत शिरताच त्यांनी डावा हात पुढे केला. फोन मिळाल्यावर अंगठ्याने वर, खाली, पुन्हा वर शोधलं. मी दिलेला प्राणी दोनदा समोरून गेला, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"या बायकडं हाय," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "मजेत हाय. बगा."

मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट लावलं, माशाने उडी मारली आणि ते अर्ध्या तोंडाने हसले. घशातून काहीतरी आवाज आला. मावशी माझा दंड धरून म्हणाल्या, "हसले गं." त्या क्षणी मला वाटलं, सुटले.

चहा झाला, अंधार पडायला आला, शेवटची बस चुकायला नको म्हणून मी उठले. तर ते फोन सोडेनात. आयुष्यभर दोर ओढलेला हात तो. मी तिथे उभी, फोन माझा, मासाही माझा, आणि मला चोरासारखं वाटत होतं.

आता मी सवड झाली की रविवारी अर्नाळ्याला जाते. जाऊन त्यांचं बरं करते की त्यांना छळते, मला कळत नाही. न गेले तर मावशी फोन करून विचारतात. गेले की ते तासभर माशाशी खेळतात, हसतात, आणि निघायची वेळ झाली की मूठ घट्ट आवळतात. मग मावशी त्यांच्या पायाशी बसतात. "येल ती परत, घेऊन येल," असं म्हणत त्यांचं एकेक बोट उघडत जातात, आणि मी हात पुढे करून उभी असते.