कुरणात उतरलेलं विमान

नवरा गेल्यावर आयसेलिनजवळचं, देशी वस्तीतलं घर मी विकलं आणि न्यू जर्सीच्या उत्तरेकडे एका जुन्या इस्टेटीवर छोटं घर भाड्याने घेतलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या धनाढ्य मालकाला विमानांचा नाद होता. त्याने कुरणातच धावपट्टी करून घेतली होती. पाहुणे म्हणे न्यूयॉर्कहून थेट जेवायला उतरायचे. माझं घर म्हणजे त्याच्या मेकॅनिकची जागा. आता मालकाचा बंगला बंद आहे आणि विमानं ठेवायच्या हँगरमध्ये गवताचे भारे. शेतकरी गवत कापून नेतो तेव्हा पट्टी स्पष्ट दिसते. मला शांतता हवी होती. ती इतकी मिळाली, की कधी फोन उचलला तर मला माझाच आवाज घोगरा वाटायचा.

गेल्या ऑक्टोबरात, दुपारी भांडी घासत असताना एक छोटं विमान खोकत खोकत खाली आलं आणि गवतावर उतरलं. मी ओल्या हातांनीच धावले. आतून सत्तरीची एक अमेरिकन बाई उतरली. एकटीच.

"सॉरी," ती म्हणाली. "इंजिन नीट चालेना. वरून ही पट्टी दिसली."

तिने ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. तो येईपर्यंत मी पोहे टाकले. दुसऱ्या कुणासाठी कांदा चिरून किती महिने झाले होते! मिरच्या बाजूला काढत तिने बशी संपवली.

"इथे एकटीच राहतेस?"

"हो. आणि तू एकटीच उडतेस?"

"आधी नवरा उडवायचा, मी शेजारी बसायचे. तो गेल्यावर शिकले."

मी माझीही बशी भरली आणि तिच्यासमोर बसले.

मेकॅनिकने इंजिनचे स्पार्क प्लग बदलले, ते चालवून बघितलं. निघण्याआधी आम्ही दोघी खड्डे बघत पट्टीभर चाललो. एका कडेला ग्राउंडहॉगने, म्हणजे इथल्या घुशीसारख्या पण मोठ्या प्राण्याने, बीळ केलं होतं.

"त्याच्या पलीकडे उभी राहशील? म्हणजे बीळ कुठे आहे ते मला लांबून कळेल."

मी लाल शाल पांघरून उभी राहिले. विमान माझ्यासमोरून धावत गेलं, तिने हात केला आणि झाडांवरून ते दिसेनासं झालं. मेकॅनिकही गेला. मी बराच वेळ तिथेच होते.

संध्याकाळी पार पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडहून मुलीचा फोन आला. सगळं सांगितलं.

"आई, आर यू ओके? आणि नाव काय त्यांचं?"

मी विचारलंच नव्हतं. मुलगी हसली, तिला मीटिंग होती, तिने फोन ठेवला.

ती बाई पुन्हा आली नाही. मी आता दुसरी जागा बघते आहे. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं वाजतील अशी. मुलीला अजून सांगितलं नाही.