बटणांची फीत

विज्ञानाच्या बाईंची अर्धी नोकरी खडूच्या जिवावर निघाली होती. त्यांनी फळ्यावर काढलेलं हृदय पाहून मुलं नकळत आपल्या छातीवर हात ठेवत. आणि नेमकी त्यांची बदली झाली अंध मुलांच्या शाळेत. पहिल्याच तासाला सवयीने त्या फळ्याकडे वळल्या आणि पेशी काढू लागल्या. खडूचा आवाज ऐकून मागच्या बाकावरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बाई, चालू द्या तुमचं. आम्ही थांबतो." वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या आणि खडू खाली ठेवला.

पानं, हाडं, चुंबक यांचे धडे निभावले, कारण त्या वस्तू हातात देता येत होत्या. गाडं अडलं ते पेशीत प्रथिनं कशी तयार होतात, या धड्यापाशी. तिथे हातात काय देणार?

बाईंची थोरली जाऊ घरीच शिवणकाम करायची. तिच्या डब्यात हात घालून बाई डोळे मिटून बटणं चाचपत बसल्या, तेव्हा आपल्या जावेचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी तिला शंका आली. कारण कळल्यावर मात्र सुई घेऊन तीच बसली. गोल, चौकोनी, खरबरीत आणि खळग्याची अशी चार तऱ्हेची बटणं तिने बाईंनी सांगितलेल्या क्रमाने लांब फितींवर शिवली, मध्ये कुठेही जागा न सोडता.

वर्गात बाईंनी जोडीजोडीला एकेक फीत दिली. पेशीतला संदेश असाच असतो, त्या म्हणाल्या. त्याची अक्षरं चारच, आणि ती तीन-तीन करून वाचायची. अशा त्रिकुटाला कोडॉन म्हणतात. एक ठरलेलं त्रिकूट सांगतं, इथून सुरुवात कर. तिथून पुढे प्रत्येक त्रिकूट एकेका अमिनो आम्लाचं नाव घेतं. शेवटचं कुणाचंच नाव घेत नाही, ते नुसतं म्हणतं, पुरे. पेशीत हे वाचायचं काम रायबोसोम करतो. आज ते तुमच्या बोटांनी करायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने त्या त्रिकुटाच्या अमिनो आम्लाचा मणी आणून द्यायचा, आणि मणी क्रमाने ओवले की झालं प्रथिन.

वर्गात मण्यांचा खुळखुळाट सुरू झाला. एकाने सुरुवातीलाच एक बटण गाळून वाचायला घेतलं, तर त्याची सगळी माळच वेगळी झाली. माझीच जास्त छान आहे, असं त्याचं म्हणणं. छान असेल, बाई म्हणाल्या, पण शरीराच्या काही उपयोगाची नाही.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "बाई, माझी माळ संपली."

इतरांच्या निम्मीसुद्धा नव्हती. बाईंनी फितीवरून बोट फिरवलं. जावेने एका ठिकाणी गोल बटणाऐवजी चौकोनी शिवलं होतं, आणि मधलंच एक त्रिकूट 'पुरे' म्हणत होतं. बाईंनी ते मुलांना सांगितलं. पेशीतही असं होतं, एक अक्षर बदलतं आणि प्रथिन अर्ध्यातच थांबतं.

मुलगी फीत हातात धरून बसली. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघेही जन्मापासून अंध.

"आमच्या डोळ्यांचं असंच झालंय का?"

बाईंना थाप मारणं जमलं नाही. "असू शकेल. मला माहीत नाही. पण तपासता येतं."

मुलीकडून हे ऐकून दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. बाईंसमोर बसून तिने ती फीत मागून घेतली आणि डोळे मिटून तिच्यावरून बोटं फिरवली. मग हळूहळू सांगू लागली. गरोदरपणात ती कपड्यांच्या कारखान्यात उभ्याने काम करायची. सासूचं म्हणणं, हट्टाने कामावर गेलीस, म्हणून मुलांच्या डोळ्यांचं वाटोळं झालं. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

बाईंनीच तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. आईवडील आणि दोन्ही मुलं, अशा चौघांचंही रक्त तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: डोळ्याच्या पडद्याला लागणाऱ्या एका प्रथिनाच्या संदेशात एक अक्षर बदललं आहे आणि मध्येच थांबायचा कोडॉन तयार झाला आहे. प्रत्येक संदेशाच्या मूळ प्रती दोन असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोघा नवराबायकोंकडे एकेक प्रत चांगली होती, म्हणून त्यांना दिसतं. मुलांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. उभ्याने काम करण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मुलांची दृष्टी परत आणायला आज तरी औषध नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

मुलीने बाईंना पुढचं सांगितलं. इस्पितळातून सगळे घरी आले. मग जेवायला बसल्यावर बाबा आजीला म्हणाले, "आई, हे निम्मं माझ्याकडून आलंय. यापुढे हिला काही बोलू नकोस."

"मग आजी काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"तिने आईच्या हातातला डाव घेतला. आईला म्हणाली, तू बस जेवायला, मी वाढते."